कुजबुजेला मिळालेली माफी

आमच्या राजांच्या स्तब्धतेवर समीक्षकांनी फार लिहून ठेवलं आहे. "संवाद थांबवून ते जे सांगतात, ते शब्दांत मावत नाही," असं एकाने लिहिलं होतं आणि राजांनी ते कात्रण मेकअपच्या आरशाला चिकटवलं होतं. आता राजांनी रंगभूमी सोडली, मीही सोडली, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्यांतल्या निम्म्या स्तब्धता म्हणजे निव्वळ विसर होता. वाक्य हरवलं की राजे डोळे मिटत, हात सावकाश छातीवर नेत, आणि डाव्या विंगेतून एक शब्द वाऱ्याच्या झुळकीसारखा सरकत येई. तो शब्द देणाऱ्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

राजे हे त्यांचं नाव नव्हे. हयातभर राजांच्याच भूमिका केल्या, त्यामुळे घरच्या साध्या खुर्चीतही ते सिंहासनावर बसल्यासारखे बसत. मी आयांच्या भूमिका करायची. ऐन तिशीत मी दाढीमिशीवाल्या मुलांना पोटाशी धरून रडले आहे. आणि आमच्या प्रॉम्प्टरला सगळे कुजबुजे म्हणत. हे आडनाव राजांनीच बहाल केलेलं. खरं नाव असणारच. पण ते विचारायची पाळी कधी आली नाही.

प्रॉम्प्टिंग म्हणजे पुस्तक हातात धरून वाचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं करणारे पुष्कळ पाहिले. त्यांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जाते आणि प्रेक्षक नटाआधीच वाक्य म्हणून मोकळे होतात. कुजबुजेचा शब्द फक्त ज्याचा त्यालाच ऐकू यायचा. तो एकच शब्द द्यायचा, वाक्यातला पहिला. "पहिला शब्द दिला की नट आपल्या पायांवर उभा राहतो, ताई. अख्खं वाक्य दिलं की लंगडा होतो," असं तो म्हणे. नट मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे त्याला पाठीवरून कळायचं. पाठ ताठ असली तर विराम, मान जराशी खाली गेली तर विसर.

रोजचं बोलणंही तो हलक्या आवाजातच बोले. गळा जपतो, असं आम्ही धरून चाललो होतो. कपड्यांचे हूक शिवणं, राजांचा मुकुट शोधणं, चहा करणं, हे सगळं तो न सांगता करायचा. फोटोच्या वेळी मात्र हमखास त्याला काहीतरी आठवायचं. सगळे "या, या" म्हणत दाटीवाटीने उभे राहत आणि हा कुठल्यातरी कुलपाची किल्ली शोधायला निघून जाई. लाजाळू आहे, असं म्हणून आम्ही दात दाखवत फोटो काढून घेत असू.

त्या वर्षी सरकारने एक कायदा आणला. जे लोक परवानगीच्या कागदांशिवाय देशात राहिले, दहा वर्षांहून जास्त काळ कष्ट करून राहिले, ज्यांच्यावर कुठला गुन्हा नाही, त्यांना एकदाच माफी द्यायची आणि कायमचं राहू द्यायचं. सगळीकडे तोच विषय. आमच्या मेकअपच्या खोलीतही तोच.

"माझी धाकटी बहीण आणि मेहुणा परदेशी जायला वर्षानुवर्षं रांगेत उभे आहेत," आमचा लाइटवाला म्हणाला. तो प्रयोगाआधी दिव्यांच्या वायरी तपासून आला होता आणि हात पुसत होता. "दर खेपेला नवा कागद मागतात, हे देतात. सरळ माणसानं रांगेत झिजायचं आणि खिडकीतून उडी मारून आत आलेल्याला पाट-पाणी? आज माफी दिली की उद्या आणखी हजार जण त्याच खिडकीखाली उभे राहतील, पुढच्या माफीची वाट बघत."

"अरे, पण ज्यानं उडी मारली त्याच्याकडून दहा वर्षं भांडी घासून घेतलीस ना?" रंगवाल्या मावशी माझ्या भुवया रंगवता रंगवता म्हणाल्या. "तुझे म्हातारे त्यानं उचलले-ठेवले, तेव्हा नाही दिसली ती खिडकी?"

"मावशी, तुमचं मन मोठं आहे. कायदा मनावर चालत नाही."

"मग कशावर चालतो? तुझ्या बटणांवर?"

सगळे हसले. राजांना आपल्यावाचून झालेला हशा सहन होत नसे. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "लोकशाहीत दयेला सिंहासनाच्या उजव्या हाताला जागा असली पाहिजे!"

"वा! हे कुठल्या नाटकातलं, राजे?" मावशींनी विचारलं.

राजांना आठवेना. चहाचे पेले घेऊन आलेला कुजबुजे हळूच म्हणाला, "आपल्याच चौथ्या अंकातलं. पण तिथे 'राज्यात' आहे. 'लोकशाहीत' नाही."

पुन्हा हशा. लाइटवाल्याने पेला घेतला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा, कुजबुजे. तुम्ही शहाणे आहात. माझं काही चुकतंय?"

"नाही, दादा. बरोबर आहे तुमचं. रांग मोडली ती मोडलीच," कुजबुजे म्हणाला आणि पुढचा पेला मावशींच्या हातात दिला.

प्रयोग संपल्यावर मी रंग उतरवत बसले होते. अर्ध्या चेहऱ्याची म्हातारी पुसून झाली होती, अर्धी बाकी होती. कुजबुजे दारात उभा राहिला.

"ताई, माझ्यासाठी साक्ष द्याल का? दोन माणसं लागतात. इथले नागरिक, मला दहा वर्षं ओळखणारे."

"देईन की. कसली साक्ष? खोलीची भानगड झाली का?"

"नाही. त्या माफीची."

माझा हात गालावरच राहिला. मग त्याने सांगितलं. सरहद्दीपलीकडून, आमचीच भाषा बोलणारी एक नाटकमंडळी प्रयोगांसाठी इथे आली होती, त्यांच्याबरोबर तो आला होता. मंडळी परत गेली, हा राहिला. तिकडे मंडळी मोडायला आली होती, काम उरणार नव्हतं. आणि इथे, तो म्हणाला, राजांना शब्द लागत होते. बोलताना गावाकडचा हेल कळू नये म्हणून त्याने कुजबुजायचं काम धरलं. कुजबुजीला गाव नसतं. सगळे हेल श्वासात विरघळून जातात.

"मग दुपारी लाइटवाला एवढं बोलत होता, तेव्हा 'बरोबर आहे' कसं म्हणालास रे?"

"बरोबरच आहे ते, ताई. पाहुणा म्हणून आलो आणि घरात लपून राहिलो. याची लाज मला रोज वाटते. सकाळी तोंड धुतानाच सुरू होते. पोलीस दिसला की वाटते, तशीच कोणी 'दादा, या, बसा' म्हणाला तरी वाटते. मी कोणाला काही म्हणूच शकत नाही." तो दाराच्या चौकटीला टेकला. "पण तिकडे मुलीचं बाळंतपण जवळ आलंय. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. इथून गेलो तर परत येता येणार नाही, माझी भाकरी इथेच आहे. आणि नाही गेलो, तर..."

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाने स्वतःचं वाक्य तिथेच सोडून दिलं. त्याला मुलगी आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

दुसरा साक्षीदार अर्थातच राजे. "माझा माणूस! मी एकटा बोललो तरी सरकार हलेल!" असं त्यांनी अख्ख्या खोलीत जाहीर केलं, आणि ज्याला कळू नये त्यालाही कळलं. लाइटवाला भिंतीशी वायरीचं भेंडोळं करत होता. त्याचा हात थांबला, मान कानापर्यंत लाल झाली.

"आधी सांगायचंत ना, कुजबुजे. मी आपला तोंडाचा पट्टा सोडला."

"काय सांगायचं, दादा?"

लाइटवाल्याने भेंडोळं खुंटीला अडकवलं. साक्षीच्या दिवशी सकाळी मात्र तो आपली दिव्यांची गाडी घेऊन दारात हजर. "माझं मत बदललेलं नाही हं," तो मला म्हणाला, "पण मत मताच्या जागी, गाडी गाडीच्या जागी. बसा." मागे दिव्यांच्या पेट्यांवर कुजबुजे बसला होता, इस्त्रीचा सदरा मांडीवर घेऊन, चुरगळू नये म्हणून. उतरायच्या आधी त्याने तो अंगात घातला.

कचेरीतली खोली लहान होती. एक टेबल, पाण्याचा जग, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि कडी नीट न बसणारं दार. टेबलामागच्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. "अर्जदारानं मध्ये बोलायचं नाही," त्यांनी आधीच सांगून ठेवलं. कुजबुजे मान डोलावून बसला. कोणी ठरवलं नव्हतं, पण नेमका राजांच्या डाव्या हाताला बसला.

राजे उभे राहिले.

"बसून बोललात तरी चालेल," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मी उभ्यानेच बोलतो. बाईसाहेब, हा माणूस म्हणजे माझा श्वास! माझा उजवा हात! माझ्या पाठचा भाऊ!"

"राहतो कुठे?"

राजांनी डोळे मिटले. हात सावकाश छातीवर गेला. मी ती स्तब्धता शेकडो वेळा रंगमंचावरून पाहिली होती आणि मान किती खाली गेलीये तेही मला दिसलं. पुढे काय होणार हे मला माहीत होतं, आणि तरी मला ते थांबवता आलं नाही.

डावीकडून झुळूक आली. "गोदामामागे."

"गोदामामागे!" राजे खणखणीत म्हणाले.

"कसलं गोदाम?"

"लाकडाचं."

"लाकडाचं! तिथेच एका इवल्याशा खोलीत!" इवलीशी खोली राजांची स्वतःची भर.

बाईंचं लिहिणं थांबलं होतं. राजांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांची गाडी रुळावर लागली होती.

"लग्न झालंय?"

"होतं."

"होतं!" राजे म्हणाले. एखादी आनंदाची बातमी द्यावी, तसे.

"मुलं?"

"एक."

"एक!" आणि पुन्हा डोळे मिटले.

"मुलगी."

"एक मुलगी! कन्यारत्न!"

अधिकारी बाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि कुजबुजेकडे पाहिलं. "मला सर्दी झालीये, बहिरेपण नाही आलं."

कुजबुजे ताडकन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मला वाटतं, आपण काय केलं हे त्याला तेव्हाच कळलं. "चुकलं, बाई."

"साक्षीदाराला पढवल्यावरून अर्ज फेटाळता येतो, माहीत आहे?"

"हो."

"मग का बोललात?"

"राजे अडले होते," तो म्हणाला. दुसरं कारण त्याच्याजवळ नव्हतं.

राजांची साक्ष बाजूला ठेवण्यात आली. त्यांना बाहेर बसायला सांगितलं. जाताना एवढा मोठा माणूस कमरेत वाकल्यासारखा दिसला. दार लोटलं गेलं, पण कडी बसली नाही.

मग माझी पाळी.

"अर्जदाराला मुलगी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

आयांच्या भूमिकांसाठी मला पदकं मिळालेली आहेत. ती सगळी त्या क्षणी कोणी परत मागितली असती, तर मी काढून दिली असती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "रोज माणसं येतात," त्या म्हणाल्या. "सारखी माफी द्यायची तर नियम कशाला? आणि कधीच द्यायची नाही, तर इतकी वर्षं आपल्यात राहिलेली ही माणसं ठेवायची कुठे? मतं मागायला येणारे दोन्हीकडून टाळ्या घेतात. मला उत्तर माहीत नाही. मला एवढंच बघायचंय की हा माणूस दहा वर्षं इथे होता का. याचं नाव कशावर आहे? फोटो? नाटकाची जाहिरात?"

नव्हतं. जाहिरातीत केस विंचरणाऱ्याचंसुद्धा नाव असायचं. याचं नव्हतं, कारण त्याने नको म्हटलं होतं आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"मधल्या काळात देशाबाहेर गेलात?" त्यांनी कुजबुजेला विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

तो काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. "मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या. त्याने प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज नाही. शेवटी त्यांनीच खुर्ची पुढे ओढली.

"बायको गेली तेव्हासुद्धा नाही," तो म्हणाला. "आपल्या नाटकाचा शंभरावा प्रयोग होता. दुपारी तिकडून फोन आला. संध्याकाळी प्रयोग."

"आणि तुम्ही प्रयोग केलात?"

"मी काही करत नाही, बाई. मी नुसता उभा असतो."

"त्या दिवशी तुम्ही तिथे उभे होतात, हे कोण सांगेल?"

मी आठवून पाहिलं. शंभरावा प्रयोग मला लख्ख आठवत होता. फुलांची तोरणं, खच्चून भरलेलं नाट्यगृह, वर्तमानपत्रांत छापून आलेला आमचा फोटो, माझी निळी साडी. त्यात कुजबुजे कुठेच नव्हता. मी डोळे मिटले तरी तो दिसेना.

दार उघडलं. राजे आत आले.

"मी सांगतो."

"तुमची साक्ष मी बाजूला ठेवली आहे."

"ठेवा. तरी सांगतो." हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज नव्हता. जेमतेम टेबलापर्यंत पोचत होता. "त्या दिवशी तिसऱ्या अंकात मी अडलो आणि यानं शब्द उशिरा दिला. इतक्या वर्षांत त्या एकाच दिवशी. मी लोकांसमोर उघडा पडलो. पडदा पडल्यावर सगळ्यांच्या देखत मी याच्यावर ओरडलो. 'मेला होतास का रे तिथे?' असं म्हणालो."

मला तेव्हा आठवलं. अंगावर फुलं होती, आम्ही सगळे हवेत होतो, आणि राजांच्या त्या वाक्यावर हसलो होतो.

"मग यानं काय केलं?" बाईंनी विचारलं.

"'चुकलं, राजे' म्हणाला. आणि चहा आणायला गेला."

"हे तुम्हाला आत्ता कोणी सांगितलं?"

"हे कोण सांगेल हो?" राजे म्हणाले.

मी डावीकडे पाहिलं. कुजबुजे मान खाली घालून उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. राजांना तोंड लपवायला जागा उरली नव्हती, आणि लाज मात्र यालाच वाटत होती. आपल्यामुळे राजांना हे सांगावं लागलं, म्हणून.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. प्रयोगाची तारीख वर्तमानपत्रात होतीच. मृत्यूचा दाखला कुजबुजेच्या मुलीने तिकडून पाठवला. दोन्ही जुळले. काही आठवड्यांनी निकाल आला आणि राजांनी तो मला वाचायला दिला, चष्मा नाही म्हणून. चष्मा त्यांच्या खिशात होता. सरकारी भाषेत लिहिलं होतं की साक्षीदारांना अर्जदाराच्या खासगी आयुष्याची माहिती नाही. मात्र साक्षीदाराने केलेल्या अपमानावरून अर्जदाराची उपस्थिती सिद्ध होते. सबब माफी मंजूर.

आमच्या प्रेमावरून नाही. प्रेमाने त्या खोलीत काहीच सिद्ध झालं नाही.

मावशींनी सत्काराची टूम काढली. कुजबुजेने हात जोडले. "मावशी, माफी मिळाल्याचा कुठे सत्कार असतो का? चोरून राहिलो, सोडून दिलं, एवढंच. पाय लावून पळायची गरज उरली नाही, हेच खूप झालं."

"नुसतं 'पाय लावून' नाही रे, 'डोक्याला पाय लावून'," मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. "दुसऱ्यांना शब्द देतोस आणि स्वतःचे खातोस!"

कुजबुजे त्याच दिवशी मुलीकडे निघाला होता आणि लाइटवाल्याने त्याला स्टेशनवर सोडायचं कबूल केलं होतं. तो दारात किल्ल्या वाजवत उभा होता. "माझं मत अजून तेच आहे, कुजबुजे."

"माझंही तेच आहे, दादा," कुजबुजे म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे न बघता हसले.

राजे आरशासमोर बसून होते. आरशावरचं ते कात्रण काढलेलं होतं. चिकटवल्याच्या चार खुणा तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी मागे वळून न बघता, आरशातूनच विचारलं, "मुलीचं नाव काय रे?"

कुजबुजेने सांगितलं. सवयीप्रमाणे, झुळकीसारखं.

"ऐकू नाही आलं."

त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा हवाच.

"मोठ्यानं सांग. आता कुणाची भीती आहे?"

कुजबुजेने घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि ते नाव मोठ्याने उच्चारलं. आवाज फाटका, बसका निघाला, बरीच वर्षं बंद असलेल्या दारासारखा. पण त्याला हेल होता. मधलं अक्षर ओढून, शेवटचं वर उचलून, असं आम्ही कोणीच बोलत नाही. मावशींच्या हातातला ब्रश थांबला. इतकी वर्षं ज्याच्या शब्दांवर आम्ही उभे राहिलो, त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

राजांनी ते नाव म्हणून पाहिलं. चुकलं.

"मधलं लांब, राजे," कुजबुजे म्हणाला.

राजांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. बाहेर लाइटवाल्याने गाडीचा हॉर्न दिला. कुजबुजे हातातली पिशवी खाली ठेवून तिथेच उभा राहिला, आणि राजे आरशाकडे पाठ करून, त्याच्या तोंडाकडे बघत, ते नाव पाठ करू लागले.